जुन्या एमजीबीच्या दारावरचा आरसा पुन्हा पुन्हा सैल होत असेल तर

एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर, ऑस्टिन-हीली स्प्राइट किंवा त्याच पिढीतली दुसरी एखादी ब्रिटिश स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांकडून एक तक्रार हटकून ऐकू येते. दारावर बसवलेला बाहेरचा आरसा वेग वाढला की थरथरू लागतो, त्यातले चित्र पुसट होते, मोटरवेवर तो हळूहळू मान टाकतो, आणि स्क्रू आवळून घेतले की चार दिवस बरा वागतो व पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पुष्कळ जण मग आरसाच बदलतात, पहिल्यापेक्षा महाग आणतात, आणि तोही सैल झाला की हल्लीच्या सुट्या भागांना दर्जा राहिला नाही असे म्हणून मोकळे होतात. सुट्या भागांच्या दर्जाबद्दलची तक्रार काही अंशी खरी आहे, पण या विशिष्ट दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा आरशात नसते. ते आरशाच्या बुडाखालच्या पत्र्यात असते.

दाराचा बाहेरचा पत्रा जेमतेम ०.९ मिलिमीटर जाडीचा असतो आणि आरसा जिथे बसवला जातो तिथे त्याला आतून कसलाही आधार नसतो. त्या पत्र्यावर एका दांडीच्या टोकाला काचेचे आणि धातूचे वजन टांगले की गाडीची प्रत्येक थरथर त्या दांडीमुळे वाढून पत्र्याला पोहोचते, पत्रा लवतो, स्क्रू ढिले होतात, आणि ढिले झालेले स्क्रू भोके मोठी करत जातात. म्हणून स्क्रू आवळणे हा या समस्येवरचा उपाय होऊच शकत नाही. पुढचे विवेचन एमजीबीला धरून केले आहे, कारण १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून या गाड्या लाखोंच्या संख्येने बाहेर पडल्या आणि आज सर्वाधिक प्रश्न त्यांच्याबद्दलच विचारले जातात. इतर गाड्यांचे वेगळेपण शेवटी सांगितले आहे.

दाराला आधार का नाही, याचे कारण साधे आहे. ही गाडी आखली गेली तेव्हा बाहेरचा आरसा ही गरजेची वस्तू मानली जात नव्हती. ज्याला हवा तो वेगळे पैसे देऊन विक्रेत्याकडून बसवून घेई, आणि विक्रेत्याचा कारागीर त्याला सोयीचे वाटेल तिथे भोक पाडी. सुरुवातीची पद्धत मडगार्डवर, म्हणजे चाकाच्या वरच्या भागावर, पुढे आरसा लावण्याची होती. आपल्याकडे जुन्या ॲम्बॅसडर आणि फियाट गाड्यांवर तसे आरसे अनेकांनी पाहिले असतील. पुढे आरसा दारावर आला, आणि ब्रिटनमध्ये १९७८ पासून नव्या मोटारींना चालकाच्या बाजूला बाहेरचा आरसा कायद्यानेच सक्तीचा झाला. तोवर एमजीबीच्या दाराची रचना ठरून दीड दशक उलटले होते. ज्या गाड्यांना आज वयामुळे वार्षिक तपासणीतून सूट मिळते, त्यांच्या मालकांवरही गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी असतेच, त्यामुळे लोंबकळणारा आरसा हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही.

नेमके काय हलते आहे

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी हालचाल कोणत्या सांध्यात आहे हे ठरवले पाहिजे. असे सांधे तीन असतात: काच आणि तिची वाटी यांच्यामधला, वाटी आणि दांडी यांच्यामधला गोळ्याचा, आणि दांडीचे बूड व दाराचा पत्रा यांच्यामधला. गाडी बंद असताना एका हाताने आरशाची वाटी धरून हलकेच वर-खाली हलवावी आणि दुसऱ्या हाताचे बोट बुडाच्या कडेवर असे टेकवावे की अर्धे बोट बुडावर आणि अर्धे पत्र्यावर राहील. बुडाची कड पत्र्यापासून उचलली जात असल्याचे बोटाला जाणवले तर स्क्रू किंवा त्यांची भोके गेली आहेत. बूड आणि पत्रा दोन्ही एकत्र हलत असतील, आणि दारावर वाकून उजेडाच्या तिरिपेत पाहिल्यावर रंगातले प्रतिबिंब बुडाभोवती डचमळताना दिसत असेल, तर पत्राच लवतो आहे. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक गाड्यांमध्ये हा दुसरा प्रकार आढळला आणि त्याच्याच जोडीला पहिलाही होता.

थरथर फक्त चालत्या गाडीत होत असेल तर ती इंजिनातून येते की चाकांमधून, हे वेगळे काढणे फायद्याचे असते, आणि ज्यांच्या एमजीबीला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जादा गिअर, आहे त्यांच्यासाठी ते अगदी सोपे आहे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० मैलांचा वेग धरावा आणि चौथ्या गिअरमध्ये असताना वेग न बदलता ओव्हरड्राइव्ह चालू करावा. इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला सुमारे ३३०० वरून २७०० च्या आसपास उतरतात, चाकांच्या फेऱ्या मात्र तेवढ्याच राहतात. आरशातले चित्र त्या क्षणी बदलले, पुसटपणा गेला किंवा वाढला, तर इंजिनाकडे पाहावे. काहीच फरक पडला नाही तर चाकांकडे. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन स्फोट होतात, म्हणजे ३००० फेऱ्यांना सेकंदाला शंभर धक्के. अशा जलद कंपनाने चित्राच्या कडा धुरकट होतात. चौदा इंची चाक ६० मैलांना सेकंदाला साधारण चौदा वेळा फिरते; त्याचा तोल बिघडलेला असेल तर चित्र धुरकट होण्यापेक्षा डोलते. तारांच्या आऱ्यांच्या चाकांवर हा दोष वारंवार सापडतो, कारण त्यांचा तोल साधणे सगळ्याच टायरवाल्यांना जमत नाही. इंजिन दोषी ठरले तर ते ज्या रबरी बैठकांवर उभे असते त्या तपासाव्यात. तेल पिऊन मऊ पडलेली बैठक आरशापर्यंत बरेच काही पोहोचवते.

एवढ्या बारीक हालचालीने चित्र का बिघडते, असा प्रश्न पडू शकतो. आरसा एका अंशाने फिरला की त्यातून परावर्तित होणारा किरण दोन अंशांनी फिरतो. मागून येणारी गाडी ५० मीटरवर असेल तर दोन अंश म्हणजे तिथे जवळजवळ पावणेदोन मीटर, म्हणजे एका मोटारीच्या रुंदीइतके. डोळ्यांना न जाणवणारी आरशाची थरथर चित्रात ठळक दिसते ती याच कारणाने, आणि आरसा घट्ट आहे असे हाताला वाटणे पुरेसे नसते तेही याच कारणाने.

मान टाकण्याचा प्रकार वेगळा असतो. आरसा थरथरत नाही, पण लांबच्या प्रवासात तो हळूहळू आत किंवा खाली वळतो. हा वाऱ्याचा दाब. दहा सेंटिमीटर व्यासाच्या गोल आरशावर ताशी ७० मैलांना साधारण अर्ध्या किलोच्या वजनाइतका रेटा येतो, आणि दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ५० मैलांना तो याच्या निम्माच असतो. गावातल्या फेरफटक्यात निर्धास्त वाटणारा आरसा मोटरवेवर का वाकतो ते यातून कळते. इथे दोष गोळ्याच्या सांध्यात असतो आणि त्याचा पत्र्याशी संबंध नसतो. सांधा उघडता येत असेल तर उघडावा, गोळा आणि त्याची बैठक स्पिरिटने स्वच्छ पुसावी, बारीक पॉलिश पेपर हलका फिरवून चकाकी मोडावी आणि स्प्रिंगचा स्क्रू अर्धा-पाव फेरा आवळावा. या सांध्याला ग्रीस किंवा तेल लावू नये. गंजू नये म्हणून ते लावणारे भेटतात, आणि आरसा जागेवर राहत नाही म्हणून तक्रारही तेच करतात. क्रोमच्या पॉलिशचा थर आत झिरपल्यानेही हेच होते.

काच स्वतःच वाटीत वाजत असेल तर चित्र दुहेरी दिसते. काच काढून तिच्या मागे सिलिकॉनचे चार ठिपके द्यावेत, मात्र व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नये; त्यातले आम्ल आरशाच्या मागच्या चंदेरी थराला खाते आणि वर्षभरात कडेने काळे डाग दिसू लागतात. ज्याला ॲसिडविरहित किंवा न्यूट्रल म्हणतात तेच सिलिकॉन घ्यावे.

दारातला तडा

एमजीबीच्या दाराला एक जुने, प्रसिद्ध दुखणे आहे. पुढच्या त्रिकोणी काचेची, म्हणजे क्वार्टर ग्लासची, उभी चौकट जिथे दारात शिरते त्याच्या जरा खाली बाहेरच्या पत्र्याला तडा जातो. दार ओढताना क्वार्टर ग्लासची चौकट किंवा अर्धवट उघड्या काचेची कड धरण्याची सवय, दार आपटणे आणि उघड्या गाडीच्या सांगाड्याचे वळणावळणावर पिळवटणे, या सगळ्यांचा ताण त्या एका कोपऱ्यात गोळा होतो. चालकाला आरसा नीट दिसावा म्हणून तो बसवला जातो नेमका याच कोपऱ्याशेजारी. तडा आधीच गेलेला असेल तर त्या बाजूचा पत्रा सुटलेल्या फडक्यासारखा वागतो आणि त्यावर कोणताही आरसा टिकत नाही. तडा गेलेला नसेल तर बिनआधाराचा जड आरसा तो जायला हातभार लावतो.

म्हणून आरशाला हात लावण्याआधी क्वार्टर ग्लासच्या चौकटीखालचा रंग पुसून, बॅटरीचा प्रकाश आडवा टाकून नीट पाहावे. केसाएवढी रेघ दिसली तर ती रंगाची भेग आहे असे समजून सोडून देऊ नये. त्या जागेवर आधीच कोणी लांबी, म्हणजे पुटी, भरून रंग मारलेला असण्याची शक्यताही मोठी असते. पातळ कापडात गुंडाळलेले छोटे लोहचुंबक पत्र्यावरून सावकाश फिरवले तर लांबी असलेल्या ठिकाणी त्याची ओढ एकदम कमी झाल्याचे बोटांना कळते. लांबी भरलेला तडा हा भरलेला नसतो, झाकलेला असतो.

तड्याची दुरुस्ती वेल्डिंगनेच होते. तड्याच्या खालच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरचे भोक पाडून त्याची वाढ थांबवावी, तडा वेल्ड करून घ्यावा आणि आतून पत्र्याची पट्टी लावून तो भाग जाड करावा. पातळ पत्र्याला उष्णतेने पोक येते, तेव्हा हे काम मोटारींच्या पत्र्याची सवय असलेल्या कारागिराकडून, थोडे थोडे थांबत करून घेतलेले बरे. यात दाराचा रंगही करावा लागतो आणि खर्च आरशाच्या किमतीच्या कितीतरी पट होतो, याची कल्पना असावी. त्याच वेळी दाराचे आतले पॅनेल उघडून क्वार्टर ग्लासची चौकट दारात ज्या बोल्टांनी धरलेली असते ते सैल नाहीत ना हेही पाहावे, कारण चौकट डुगडुगत राहिली तर नव्या वेल्डिंगलाही ती सुखाने राहू देत नाही.

आतला आधार

तडा नसेल किंवा दुरुस्त झाला असेल तर पुढचे काम पत्र्याला आतून आधार देण्याचे. काच वर-खाली करायचे हँडल आणि दाराचे आतले पॅनेल काढावे, त्यामागचा प्लॅस्टिकचा कागद न फाडता सोडवावा, आणि काच पूर्ण वर चढवावी म्हणजे दाराच्या पोटात हात जातो. आधाराची पट्टी पोलादी पत्र्याची, सव्वा ते दीड मिलिमीटर जाडीची असावी. अॅल्युमिनियमही चालते, पण पोलादाला ते थेट टेकले की ओलाव्यात दोघांच्या सांध्यात गंज सुरू होतो, त्यामुळे मध्ये रंगाचा किंवा चिकटद्रव्याचा अखंड थर लागतो.

पट्टीचा आकार हाच या सबंध कामाचा गाभा आहे, आणि नेमकी इथेच बहुतेक दुरुस्त्या फसतात. आरशासोबत मिळणारी किंवा घाईने कापलेली पट्टी बुडाच्या आकाराएवढीच असते. ती स्क्रूंना पत्र्यातून ओढले जाऊ देत नाही हे खरे, परंतु ती स्वतः लवत्या पत्र्याच्या मधोमध तरंगत असते, म्हणून लवणे थांबत नाही. ते फक्त बुडाच्या कडेवरून पट्टीच्या कडेवर सरकते. पट्टी इतकी लांब असली पाहिजे की तिचे वरचे टोक दाराच्या वरच्या कडेच्या घडीपर्यंत पोहोचेल, कारण घडी पडलेला पत्रा ताठ असतो आणि आधार घेण्याजोगी जवळची जागा तीच. साधारण दहा सेंटिमीटर रुंद आणि पाच सेंटिमीटर उंच तुकडा कापून, त्याची वरची कड घडीला टेकेल अशी किंचित वाकवून, आणि पत्र्याच्या बाकाशी जुळेल असा हाताने हलका गोलवा देऊन तो आधी कोरडाच लावून पाहावा. मध्ये कागद सरकण्याइतकीही फट राहत असेल तर पुन्हा वाकवावा. समाधान झाले की आतला पत्रा खरवडून, पुसून, प्रायमर मारून विंडस्क्रीन चिकटवण्यासाठी वापरतात त्या पॉलियुरेथेनने तो चिकटवावा आणि पुरा एक दिवस तसाच सोडावा. चिकटद्रव्य ओले असताना स्क्रू आवळले तर पत्र्यावर बाहेरून खळगा दिसतो आणि तो नंतर जात नाही.

इथे काचेची आठवण ठेवणे आवश्यक आहे. दाराची काच या पत्र्यापासून फार दूर धावत नाही; पट्टी, नट आणि बाहेर आलेले स्क्रूचे टोक मिळून जाडी वाढली तर काच खाली घेताना तिच्यावर ओरखडा उठतो किंवा ती अडते. किती जागा आहे हे मोजण्यासाठी मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचा गोळा आतून त्या जागी चिकटवावा, काच सावकाश खाली-वर करावी, आणि दबून उरलेल्या क्लेची जाडी व्हर्नियरने मोजावी. त्यातून दोन मिलिमीटर सोडून उरेल तेवढीच जागा आपली. स्क्रू लांब असतील तर कापून, कानस मारून घ्यावेत.

दारात थेट घुसवलेल्या, स्वतःचे आटे पाडणाऱ्या स्क्रूंवर आरसा बसवला असेल तर तो का सुटतो, हे वेगळे सांगायला नको, तरी एक आकडा पाहण्यासारखा आहे. अशा आठ नंबरच्या स्क्रूच्या दोन आट्यांमधले अंतर १.४ मिलिमीटर असते आणि पत्रा ०.९ मिलिमीटरचा, म्हणजे पत्र्याला धरून ठेवणारा पुरा एक आटाही तिथे नसतो. रिव्हनट, म्हणजे पत्र्याच्या भोकात दाबून बसवायचे आटेदार नट, त्याहून बरे, पण बिनआधाराच्या पातळ पत्र्यात तेही जागच्या जागी फिरू लागतात.

आट्यांचा घोळ

त्या काळच्या ब्रिटिश आरशांवर बी.ए. किंवा यू.एन.एफ. जातीचे आटे असतात, आणि हल्ली बाजारात मिळणाऱ्या नकलांवर बहुधा मेट्रिक. तीन माप इतकी जवळची आहेत की डोळ्यांनी फरक कळत नाही. २ बी.ए. चा स्क्रू ४.७ मिलिमीटरचा, १०-३२ यू.एन.एफ. चा ४.८३ चा आणि मेट्रिकमधला एम ५ हा ५ मिलिमीटरचा. आट्यांमधले अंतर अनुक्रमे ०.८१, ०.७९ आणि ०.८. परिणाम असा की २ बी.ए. किंवा १०-३२ चा स्क्रू एम ५ च्या नटात विनातक्रार शेवटपर्यंत जातो, आवळल्यासारखाही वाटतो, परंतु आट्यांच्या फक्त शेंड्यांवर टेकलेला असतो. थरथरीत तो सुटणार किंवा आटे घेऊनच बाहेर येणार. पुण्या-मुंबईच्या हार्डवेअरच्या दुकानात एम ५ सहज मिळतो आणि २ बी.ए. मागितले तर दुकानदार आपल्याकडेच पाहत राहतो, त्यामुळे तिकडच्या जुन्या गाड्यांत ही सरमिसळ विशेष आढळते. नवा नट लावताना तो स्क्रूवर रिकाम्या हाताने चढवून बाजूला हलवून पाहावा. जोडी खरी असेल तर तो डगमगत नाही. शंका वाटली तर स्क्रू आणि नट दोन्ही एकाच मापाचे नवे घ्यावेत.

आरशाची बुडे बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात आणि वर क्रोम असते. ती पोलादाच्या ताकदीची नसतात. जोर लावून आवळल्यास आटे पिठासारखे भुगा होऊन येतात. ज्या आरशांत दांडी बुडावर सरकवून एका बारीक, डोके नसलेल्या स्क्रूने अडकवायची असते, तिथे तो स्क्रू सैल होणे ही स्वतंत्र तक्रार आहे. त्याला मध्यम ताकदीच्या आटेबंद द्रवाचा, म्हणजे निळ्या लॉकटाइटचा, एक थेंब पुरतो. लाल म्हणजे कायमची पकड घेणारी जात वापरली तर पुढे तो काढताना बूड फुटण्याचीच शक्यता अधिक.

जागा कोणती

जुनीच भोके वापरायची असतील तर हा भाग सोडून द्यावा. नव्याने बसवायचा असेल तर मात्र भोक पाडण्यापूर्वी कागदाचा पुठ्ठा कापून, दुहेरी टेपने तो दारावर लावून, चालकाने नेहमीच्या जागी, नेहमीच्या अंतरावर सीट ठेवून बसून पाहावे. एमजीबीत क्वार्टर ग्लासचा उभा दांडा नजरेच्या आड येतो. आरसा फार पुढे गेला तर तो त्रिकोणी काचेतून पाहावा लागतो, तिथे पावसात पुसणी पोहोचत नाही आणि ती काच उघडल्यावर तिची बाहेर येणारी कड आरशाला लागू शकते; फार मागे आला तर चालकाला मान जास्त वळवावी लागते. चालकाच्या बाजूला दांड्याच्या लगेच मागे आरशाची पूर्ण काच दिसेल अशी जागा सहसा सापडते. डाव्या बाजूला मात्र तीच मापे उलटी करून चालत नाही. तिकडे बसलेल्या सोबत्याचे डोके, दांडा आणि कापडी टप चढवल्यावर येणारी अडचण, या सगळ्यांतून वाट काढावी लागते, आणि तिथे आरसा दोन-चार सेंटिमीटर पुढे गेला तरी हरकत नसते. दोन्ही आरसे समोरून पाहताना एका रेषेत दिसावेत असा आग्रह असणाऱ्यांनी दिसण्याला किती आणि दिसू देण्याला किती महत्त्व द्यायचे ते आपले आपण ठरवावे. माझे मत दुसऱ्या बाजूने आहे.

टप चढवूनही एकदा पाहणे आवश्यक आहे. टप खाली असताना आतला आरसा पुष्कळ दाखवतो, परंतु एमजीबी रोडस्टरमध्ये, म्हणजे उघड्या गाडीत, तो विंडस्क्रीनच्या मधल्या बारीक दांडीवर बसवलेला असल्याने तोही थरथरतो, आणि टप वर असला की मागच्या कोपऱ्यांतले जवळजवळ काहीच दिसत नाही. बाहेरच्या आरशाची खरी गरज तेव्हाच लागते.

भोक पाडताना जागेवर कागदी टेप लावून, पंचने खूण करून, आधी तीन मिलिमीटरचे आणि मग पायऱ्यांच्या बिटने हळूहळू मोठे करत जावे. काच वर चढवलेली असावी. उठलेली बर, म्हणजे भोकाच्या कडेची धारदार कोर, गोल कानशीने काढावी, दाराच्या तळाशी पडलेला किस चुंबकाने वेचून घ्यावा. तो तिथेच राहिला तर पाणी बाहेर जाण्याच्या फटी बुजतात आणि दार आतून, खालून सडते. उघड्या पडलेल्या पोलादी कडेला जस्तयुक्त प्रायमर आणि वर रंग द्यावा, तो पुरता वाळू द्यावा, मगच रबरी गॅस्केट ठेवून बूड बसवावे. स्टेनलेसचे स्क्रू वापरायचे असतील तर त्यांना मेण लावावे आणि डोक्याखाली नायलॉनचे वॉशर घालावेत. गॅस्केट पातळ आणि कडकच घ्यावे. थरथर शोषली जाईल या आशेने जाड, मऊ रबर घालणारे बरेच असतात, आणि त्यांचा आरसा आधीपेक्षा जास्त डोलतो.

मडगार्डवरचे आरसे आणि इतर गाड्या

मडगार्डवरच्या आरशाचा एक गुण मान्य केला पाहिजे: तो मान न वळवता विंडस्क्रीनमधून दिसतो आणि पुसणीने साफ झालेल्या काचेतून दिसतो. परंतु डोळ्यापासून तो दारावरच्या आरशाच्या दुप्पट अंतरावर असतो. दहा सेंटिमीटर रुंदीची सपाट काच ६५ सेंटिमीटरवर असेल तर ती सुमारे नऊ अंशांचा पट्टा दाखवते, आणि १४० सेंटिमीटरवर जेमतेम चार अंशांचा. म्हणून तिथे बहिर्गोल काच लागते, जिच्यात मागची गाडी आहे त्याहून दूर भासते. शिवाय असा आरसा नीट करायला खाली उतरावे लागते आणि सोबत दुसरा माणूस नसेल तर चार वेळा उतरावे लागते.

स्पिटफायर आणि जॅग्वार ई-टाइप यांचे मडगार्ड बॉनेटसह एकसंध असून सगळा पुढचा भाग पुढे कलतो. तिथला आरसा थरथरत असेल तर आरसा किंवा पत्रा तपासण्याआधी बॉनेटच्या कड्या आणि ते ज्या रबरांवर टेकते ती रबरे पाहावीत, कारण बॉनेटच डुगडुगत असेल तर बाकी सगळे व्यर्थ. स्पिटफायरचा सांगाडा ट्रायम्फ हेरल्डपासून घेतलेला होता, आणि तीच हेरल्ड मद्रासला स्टँडर्ड हेरल्ड म्हणून तयार होत असे. तिचेही बॉनेट असेच पुढे कलते, त्यामुळे भारतात ती सांभाळणाऱ्यांनाही हे लागू पडते.

लोटस एलानसारख्या फायबरग्लासच्या गाडीला गंजाची भीती नाही, पण तिथे स्क्रूखालचा ताण वरच्या गुळगुळीत थरात ताऱ्याच्या आकाराच्या भेगा पाडतो. आतली पट्टी आणखी मोठी घ्यावी, भोक स्क्रूपेक्षा अर्धा मिलिमीटर सैल ठेवावे आणि ड्रिल सुरुवातीला उलटे फिरवून वरचा थर खरवडून मगच आत जावे.

दाराला भोक पाडायचे नाही म्हणून क्वार्टर ग्लासच्या चौकटीला चिमट्याने अडकवायचे आरसे मिळतात. एखाद्या प्रदर्शनाला जाऊन यायला ते ठीक आहेत. ती चौकट दारापेक्षाही नाजूक असते आणि तिच्यावर पडणारा ताण शेवटी वर सांगितलेल्या तड्याच्या कोपऱ्यातच जातो, तेव्हा रोजच्या वापराला ते सुचवणे मला जमणार नाही. शर्यतीच्या गाड्यांसारखे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे छोटे आरसे दिसायला देखणे असतात. हलके असल्याने पत्र्यावर भारही कमी टाकतात, पण त्यांच्यात मागचा ट्रक दिसतो आणि सायकलस्वार हरवतो.

सगळे बसवून झाल्यावर पहिल्या शंभरेक मैलांनंतर आतले पॅनेल लावण्याआधी एकदा नट तपासावेत, कारण गॅस्केट थोडे दबते. त्यानंतर पुन्हा बोट अर्धे बुडावर, अर्धे पत्र्यावर ठेवून हलवून पाहावे, आणि ओव्हरड्राइव्हची चाचणी त्याच रस्त्यावर परत करावी. पत्रा आता लवत नसेल आणि तरीही ठरावीक वेगाला चित्र पुसट होत असेल, तर आरशाचा विषय संपला असे समजून चाकांचा तोल आणि इंजिनाच्या बैठका यांच्याकडे वळावे. हे झाले की दाराचा प्लॅस्टिकचा कागद नीट चिकटवून पॅनेल बसवावे. तो कागद फाटका ठेवला तर आतली ओल पॅनेलच्या पुठ्ठ्यात शिरते आणि पुढच्या वर्षी तो फुगून क्लिपांमधून सुटतो.